सहाच्या सहा वाढल्या

आमच्याकडं बांगडी फुटत नाही, वाढते. म्हणजे फुटते ती रोजच, भांडी घासताना, दार ओढताना, पोरांना धपाटा घालताना. पण तसं बोलायचं नाही. सवाशिणीच्या हातातली बांगडी फुटली म्हटलं की तिकडं नवऱ्याच्या जिवाला धोका. म्हणून वाढली म्हणायचं. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकानदारसुद्धा संध्याकाळी दुकान बंद करत नाही, वाढवतो. लग्न होऊन कळंबला आले तेव्हा हे सगळं माझ्या सासूनं मला शिकवलं. सासूला आमच्यात आत्या म्हणतात. माझ्या तोंडून चुकून "फुटली" निघालं की आत्या असतील तिथून हाक द्यायच्या, "वाढली म्हणावं." पंचवीस वर्षं झाली, त्यांनी हा नेम एकदाही मोडला नाही.

याच शब्दापायी माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली होती, आणि माझा उजवा हातही जायच्या बेतात होता. दोन्ही एकाच महिन्यात.

मी ब्लाउज शिवते. बाहेरच्या खोलीत मशीन, खुंटीला मापाची वही. अर्ध्या कळंबच्या छातीचं माप मला तोंडपाठ आहे. कटोरी ब्लाउज शिवावा तर हिनंच, असं बायका म्हणायच्या, पार येरमाळ्याहून एसटीनं यायच्या. तर देवाला काय गंमत सुचली कोण जाणे, चार वर्षांपूर्वी त्यानं नेमकी माझीच एक कटोरी उसवली. उजवीकडं गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले. केस गेले आणि परत आले ते कुरळे आले. जन्मात माझे केस कुरळे नव्हते. बायकांनी विचारलं, कुठल्या पार्लरला गेला होता.

या सगळ्यात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला असेल तर डॉक्टरांनी आणि मी. बाकी सगळ्यांचं "तसलं", "ते", "त्याचं". एक गिऱ्हाईक तर माझ्या ब्लाउजकडं बघत विचारायची, "आता बरंय का... हे?" हे म्हणजे काय, ते तिनं आजवर सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिचा ब्लाउज मात्र त्या वेळी एका बाजूनं जरा सैल झाला.

गेलेल्या बाजूला भरायला दवाखान्यात सिलिकॉनची एक वस्तू दाखवली होती. मी म्हटलं, शिवणारी बाई मी, मी विकत कशाला आणू. बाळाच्या उशीत घालतात ते राळे आणले, अस्तराची गोल पिशवी शिवली, राळे भरले, आणि ब्लाउजला आतून खिसा लावला. वजन अंदाजानंच घेतलं, कारण दुसरी बाजू काही तराजूत घालता येत नव्हती. एकदा धुऊन गच्चीवर वाळत टाकली तर चिमण्यांनी भोक पाडलं. आत्या ती उचलून खाली घेऊन आल्या आणि विचारलं, "कुणाच्या लेकराची उशी गं ही?" मी म्हटलं, माझीच आहे. त्यांनी एकदा उशीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि सुईदोरा आणून दिला.

लोकांना वाटतं, दवाखाना संपला की दुखणं संपलं. पेढे वाटा, सत्यनारायण घाला, मोकळे व्हा. मला पण तसंच वाटलं होतं. पण काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी वर चढत नाही, हातातच साचतं. हे मला कळलं ते कासारणीमुळं. दर सणाला घरोघर बांगड्या भरत फिरणारी ही बाई. तिनं माझा उजवा हात हातात घेतला, अंगठ्याखालचा गोळा दाबला आणि म्हणाली, "ताई, तुमचा हात सव्वादोनचा. आज अडीच पण अडकतीय. डावा हाय तसाच हाय. दाखवून या." ना एक्सरे ना काय. डॉक्टरांनी टेप लावून जे सांगितलं, ते हिनं अंगठ्यानं सांगितलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हा हात आता जन्मभर जपायचा. या हाताला सुई टोचायची नाही, बीपीचा पट्टा बांधायचा नाही, चटका नको, काप नको, जड उचलायचं नाही, घट्ट काही घालायचं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, मी शिलाई करते." ते म्हणाले, "मग बोटाला टोपण घालून शिवा." आणि घट्ट काही घालू नका म्हणणाऱ्या त्याच डॉक्टरांनी मनगटापासून दंडापर्यंत एक घट्ट बाही दिली. दाबाची बाही. दिवसभर घालायची, पाणी वर ढकलत राहते. मी दिवसाला दहा बाह्या लावते, आणि माझ्या हाताला तयार बाही, तीही एकच. शिंपिणीची यापेक्षा मोठी चेष्टा नसेल.

तर त्या बाहीमुळं उजवा हात मोकळा राहायला लागला. बांगड्या डाव्यात, उजव्यात बाही. आत्यांना ते बघवायचं नाही. तोंडानं काही बोलायच्या नाहीत, पण माझा उजवा हात समोर आला की मान वळवायच्या. त्यांच्या पोराचा जीव त्या हातावर टांगलेला. पोरगा म्हणजे माझा नवरा, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो, दिवसातून दहा वेळा उघड्या वायरला हात लावतो. त्याच्या जिवाची हमी माझ्या हातातल्या काचेनं घ्यायची. माझ्या जिवाची हमी कुठली काच घेते ते मला कुणी सांगितलं नाही.

संक्रांतीला कासारीण आली. माघात मुलीचं लग्न ठरलं होतं, मुरुमला. मुलाचं औषधाचं दुकान, पोरगी पण डी. फार्म झालेली. घरात चार बायका जमल्या होत्या आणि आत्या म्हणाल्या, "आता लेकीचं लगीन हाय. सणाला तरी उजवा भर." बाकीच्यांनी री ओढली. आता मी तोंडाळ बाई, गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारी की तुमची कंबर वाढली आहे, माझं कापड कमी पडलं नाही. पण त्या दिवशी मी गप बाही उतरवली आणि हात पुढं केला. कासारीण म्हणाली, "पावणेतीनच्या साबण लावून जातील, पण निघायच्या न्हायत." आत्या म्हणाल्या, "काढायच्या कशापायी?" सहा भरल्या.

तिसऱ्या दिवशी हात लाल झाला, फुगला, अंगात ताप भरला. बांगड्या मनगटात रुतून बसल्या. नवऱ्यानं मोटारीची पक्कड आणली, खाली फडकं घातलं आणि एकेक बांगडी कटाकट तोडायला लागला. त्याच्याच आयुष्यासाठी भरलेल्या बांगड्या तो स्वतः पकडीनं फोडत होता आणि मागून आत्या मोजत होत्या, "एक वाढली. दोन वाढल्या." मला हसावं का बोंबलावं कळेना. मग चार दिवस दवाखान्यात, सलाईन डाव्या हाताला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "पुन्हा असं झालं तर हा हात कामातून जाईल. मग मशीन विसरा."

मी दवाखान्यात असताना मुरुमहून विहीणबाईंचा फोन आला, मानपानाच्या साड्या कुठल्या रंगाच्या घ्यायच्या हे विचारायला. फोन घेतला आत्यांनी. मुलगी शेजारीच होती, तिनं मला नंतर शब्दन् शब्द सांगितला.

"व्हय, दवाखान्यात हाय ती," आत्या म्हणाल्या. "उजव्या अंगाच्या सगळ्या वाढल्या की. सहाच्या सहा. पार मांसात रुतल्या होत्या. परत असं झालं तर काय खरं न्हाय म्हणत्यात डॉक्टर."

आणि रेंज गेली.

एरवी मुरुमच्या बाईलाही वाढली म्हणजे काय ते कळतं. पण जिला पूर्वी "तसलं" झालेलं, जी आज दवाखान्यात पडली आहे, तिच्या उजव्या अंगाच्या सहाच्या सहा वाढल्या म्हटल्यावर बांगड्या कुणाच्या डोक्यात येतील? मुरुमात सहा गाठी झाल्या. तिथून त्या विहीणबाईंच्या बहिणीकडं अणदूरला गेल्या, आणि अणदूरहून कळंबच्या बाजारात येईतोवर त्यांच्या आठ झाल्या होत्या आणि त्यातल्या दोन लिव्हरपर्यंत पोचल्या होत्या. मी घरी आले तर माझं लिव्हर सोडून सगळ्यांना माझ्या लिव्हरची खबर.

गिऱ्हाइकांची रीघ लागली. कधी नव्हे ते सगळ्या गोड बोलायला लागल्या. एक म्हणाली, "माझा तेवढा आधी शिवून ठेवा. घाई न्हाय तशी. पण आपलं असू द्या." दुसरीनं बोरं आणली आणि जाताना पाया पडली. वयानं माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी बाई. तिसरी आपलं कापड परत मागायला आली होती, पण मला मशीनवर बसलेली बघून ओशाळली आणि म्हणाली, "राहू द्या, जमंल तेव्हा शिवा." मेल्यावर माणसाबद्दल काय काय चांगलं बोलतात ते मला जिवंतपणी ऐकायला मिळालं. माझ्या काजाचं एवढं कौतुक पूर्वी कुणी केलं नव्हतं.

हे असं कशापायी चाललंय, ते मला विहीणबाई आल्यावर कळलं. त्या आल्या, बरोबर त्यांची नणंद. चहा झाला. दोघी माझ्याकडं बघत नव्हत्या, माझ्या हाताकडं बघत होत्या. हातावर बाही होती.

"सहा म्हणं," विहीणबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"सहा," मी म्हटलं.

"एकदमच वाढल्या?"

"एकदम कशा? एकेक करून. यांनीच वाढवल्या पकडीनं."

नणंदेनं कप खाली ठेवला. "घरीच?"

"मग? दवाखान्यात न्यायचं तर हात आणखी सुजला असता."

"आणि आता परत?"

"परत भरायच्या नाहीत म्हणाले डॉक्टर. भरल्या तर सगळा हात जाईल. मला काय, मी एका हातात घालून फिरेन. पण आमच्या आत्यांना दोन्ही हात भरलेले लागतात."

विहीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमी बांगड्याचं बोलताय व्हय?"

आतल्या खोलीत माझी मुलगी फिदकन हसली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पण हसले, पोट धरून हसले. विहीणबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. नणंद हसली नाही.

"मग ते परत आलं न्हाय?" नणंदेनं विचारलं.

"कॅन्सर म्हणा हो," मी म्हटलं. "म्हटल्यानं लागत नाही. तुमच्या दुकानात त्याच्या गोळ्या मिळतात. दर सहा महिन्यांनी तपासते, गेल्या वेळी काही निघालं नाही. पुढचं मी काय लिहून देऊ? तुमचं तरी कोण लिहून देतंय?"

एवढं बोलले आणि जीभ चावली. मुलीच्या सासरच्या माणसांशी बोलत होते मी. निघताना विहीणबाई उंबऱ्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "माझं काय न्हाय बघा. पण बोलणं लई झालंय. चुड्याच्या दिवशी तुमचे दोन्ही हात भरलेले दिसू द्या. आमच्याकडची चार माणसं बघत्यात. एक हात रिकामा दिसला की म्हणतील, खरंच हाय. मग आमचं पण कुणी ऐकायचं न्हाय." नणंद म्हणाली, "घराण्याचं दुखणं असलं तर आधीच थांबलेलं बरं." तिच्या बोलण्यातली मेख मला कळली.

ही चार माणसं मी जन्मात कधी बघितली नाहीत. ती कुठं राहतात, काय करतात, त्यांच्या घरात कुणाला काही होतं की नाही, काही माहीत नाही. पण कळंबपासून मुरुमपर्यंत सगळी लग्नं त्यांच्या परवानगीनं होतात.

मुलगी म्हणाली, असल्या घरात मला जायचंच नाही. म्हणाली खरी, पण मला माहीत होतं. ती त्या मुलाशी फोनवर बोलायला लागली की गच्चीवरून तिचं हसणं मशीनच्या आवाजातसुद्धा खाली ऐकू यायचं. माझ्या आजारपणाच्या वर्षात ही पोरगी हसायची बंद झाली होती. माझी उलटीची बादली धुवायची, माझं डोकं पुसायची, आणि गप्प असायची. ते हसणं मला परत मिळालं होतं. माझ्या मनगटापायी ते गेलं असतं तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं. मी ठरवलं, दोन तास घालीन. चुडा झाला, माणसं गेली, की साबणानं काढीन. निघाल्या नाहीत तर पक्कड आहेच. हात गेला तर गेला. हे मी कुणाला सांगितलं नाही. पण रात्रभर झोप लागली नाही, कारण मला तो हात जायची फार भीती वाटत होती. त्या हातानं मी घर चालवलं आहे.

चुड्याच्या दिवशी मांडवात सतरंजी घातली. मध्ये मुलगी पाटावर, समोर कासारीण हिरव्या बांगड्यांचे तोडे सोडून बसलेली. विहीणबाई, त्यांची नणंद, मुरुमच्या आणखी पाच-सहा जणी, आणि आमच्या गल्लीतल्या बायका. आत्या स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या, आतल्या बाजूला. त्या विधवा, असल्या कार्यात पुढं येत नाहीत. कुणाला सांगावं लागत नाही, त्या आपल्या आपण दारात बसतात.

नवरीच्या आधी आईचे हात भरायचे. मी डावा हात पुढं केला, सात बांगड्या भरून झाल्या. मग मी बाही उतरवायला लागले. बाहीखाली मनगटावर पकडीचे वण अजून लाल होते. कासारणीनं हात हातात घेतला, अंगठ्यानं दाबला, आणि माझ्याकडं बघितलं. "ताई, पावणेतीन पण जायची न्हाय."

"जाईल," मी म्हटलं.

"साबण लावा की," विहीणबाईंची नणंद म्हणाली. "सवाशिणीचा हात रिकामा कसा ठेवायचा?"

मुलगी पाटावरून म्हणाली, "आई, नको." मी तिच्याकडं बघितलं नाही. कुणीतरी साबण आणला. कासारीण हात धरून तशीच बसली होती.

"थांब गं."

आत्या उठल्या होत्या. गुडघ्यावर हात टेकत दारातून बाहेर आल्या, सतरंजीवर, सगळ्या सवाशिणींच्या मधोमध. बायका सरकल्या. आत्यांनी पदर खांद्यावर मागं टाकला आणि दोन्ही हात विहीणबाईंच्या पुढं धरले. ते हात मी पंचवीस वर्षं बघते आहे, भाकऱ्या थापणारे, मोकळे.

"हे बघा," आत्या म्हणाल्या. "माझा मालक गेला त्या दिवशी ह्या हातात दोन डझन होत्या. नागपंचमीला भरलेल्या. एक सुदीक तडकली नव्हती. तरी गेला की. काचंनं काय राखलं माझं?"



"माझ्याच तोंडापायी हिनं संक्रांतीला भरल्या आन् चार दिस सलाईनवर पडली. म्या मोजत बसले होते, एक वाढली, दोन वाढल्या. हिचा हात चाललाय ते मला दिसंना." मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, ते त्या दिवशी बघितलं. पदरानं तोंड पुसून त्या नणंदेकडं वळल्या. "तुमच्या घरात येणाऱ्या सुनंचं लग्नातलं पोलकं ह्याच हातानं शिवलंय. रुखवताचं सगळं ह्याच हातानं. आता कुठायत ती चार माणसं? बोलवा. म्या बोलते त्यांच्याशी."

नणंद सतरंजीचा धागा ओढत बसली. विहीणबाईंनी माझी उतरवलेली बाही सतरंजीवरून उचलली, झटकली आणि माझ्या हातात दिली. "घाला," त्या म्हणाल्या. "आन् कासारीणबाई, नवरीचा हात घ्या. उशीर होतोय."

"डाव्यात एक कमी हाय," आत्या म्हणाल्या. "आठ कर. जोड होऊ दे."

कासारणीनं माझा डावा हात परत घेतला. घाईत होती का काय कोण जाणे. आठवी बांगडी अंगठ्याच्या गोळ्यावर आली आणि कट्कन आवाज झाला. दोन तुकडे सतरंजीवर पडले. मुरुमच्या बायका, गल्लीतल्या बायका, नणंद, सगळ्यांच्या तोंडात तोच शब्द आलेला मला दिसत होता. पण सगळ्यांच्या आधी आत्या बोलल्या.

"फुटली," आत्या म्हणाल्या. "दुसरी घे."